दारामागून दिसणारी होडी

मित्रांनो, मी कोण ते माझ्याकडे पाहून तुम्हाला चटकन ओळखता यायचे नाही. बोटभर उरलेले हीर आणि त्यांना कशीबशी धरून ठेवणारी काथ्याची दोरी, एवढाच आता मी उरलो आहे. पण एके काळी मी चांगला हातभर लांबीचा, ताठ खराटा होतो. फिजी देशातल्या वानुआ लेवू बेटावर, समुद्राला लागून असलेल्या एका लहान गावात रुपेनी आणि वासिती हे नवराबायको राहतात. त्यांचे घर माझ्या जिवावर लख्ख असायचे.

वासितीनेच मला घडवले. लग्न होऊन ती या घरात आली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने नारळाची हिरवी झावळी ओढत आणली आणि दारापुढच्या नीरफणसाच्या झाडाखाली बसून सुरीने एकेक पात तासली. पात खाली पडायची आणि मधला हीर तिच्या हातात राहायचा. ते सगळे हीर तिने उन्हात वाळवले, मूठभर जुडगा केला आणि बुंध्याशी काथ्या करकचून आवळला. रुपेनी मासे घेऊन समुद्रावरून आला तेव्हा ती शेवटची गाठ मारत होती.

"एवढा मोठा खराटा?" तो म्हणाला. "घर झाडायचंय की समुद्र?"

"तू पायाला जेवढी वाळू लावून आणतोस ना, तेवढी काढायला हाच लागेल," वासिती म्हणाली.

तो हसला, पण त्या दिवसापासून पायरीवर पाय धुऊनच आत यायला लागला.

मित्रांनो, ती माझ्या सुखाची वर्षे होती. सकाळी चहाचे पाणी चुलीवर चढायच्या आधी वासिती मला हातात घ्यायची. आधी घरातल्या सगळ्या चटया बाहेर जायच्या. त्या झटकून जास्वंदीच्या कुंपणावर उन्हात पडायच्या. मग छताच्या कोपऱ्यांतली जाळी, मग फळ्यांच्या फटींतली वाळू, मग जमीन. शेवटी मी अंगणात उतरायचो. नीरफणसाची मोठाली पाने गोळा व्हायची, घराखालचे डबेडुबे उचलले जायचे, आणि केराच्या ढिगातून निघालेला निळा धूर माडांमधून वर जायचा. शनिवारी तर सारे गाव खराटे घेऊन बाहेर पडायचे. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्या दारातून आत डोकावायच्या आणि म्हणायच्या की वासितीच्या घरात उकडलेला कसाव्याचा कंद सांडला तरी उचलून खुशाल तोंडात टाकावा. ते ऐकून मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

पुढे त्यांना मुलगी झाली. तिचे नाव तोकासा. ती याच जमिनीवर रांगली, वाळलेल्या चटयांवर लोळली. एकदा तर माझा एक हीर मोडून तिने तोंडात घातला. तिला कधी साधा खोकलाही झाला नाही. ते श्रेय माझे आहे असे मी तेव्हा समजत होतो. खरे तर ते वासितीच्या हाताचे होते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

रुपेनीने त्याच काळात स्वतःची होडी घेतली. तिला स्वतःच्या हाताने निळा रंग दिला. समुद्रकाकड्या विकत घेणारे व्यापारी तेव्हा गावोगाव फिरत होते. समुद्रकाकडी म्हणजे तळाशी पडून राहणारा एक मऊ, जाडजूड प्राणी. जवळच्या काकड्या संपल्या तसे माणसांना खोल, आणखी खोल जावे लागले. पाठीवर हवेची टाकी बांधून रुपेनी जायचा. एके दिवशी तो फार खोलातून फार घाईने वर आला. असे झाले की रक्तात हवेचे बुडबुडे होतात म्हणतात. सुवा या राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात त्याच्यावर उपचार झाले, पण कंबरेखालचे अंग परत आले नाही. चौघांनी त्याला चटईवर झोपवून गावात आणले आणि घराच्या मधोमध ठेवले. होडी ओढून नीरफणसाखाली दोन ओंडक्यांवर लावली.

आता घर चालवायचे होते ते वासितीला. पलीकडच्या बेटावर परदेशी पाहुण्यांसाठी बंगल्या बांधलेल्या आहेत. तिथे तिला झाडपुसेचे काम मिळाले. सकाळी अंधूक उजेडात ती नावेने जायची आणि दिवस मावळताना परत यायची. दिवसभर परक्यांच्या पलंगाखालची धूळ काढायची, आणि घरी आल्यावर आपल्याच घरातली धूळ बघायलासुद्धा तिचे डोळे उघडे राहत नसत. कसावा उकडायचा, नवऱ्याचे अंग पुसायचे, लेकीला भरवायचे आणि आडवे व्हायचे. मी दारामागे उभा असायचो. येताजाता तिची नजर माझ्यावर पडायची. ती एक उसासा टाकायची आणि पुढे जायची. तिला मी बोल लावत नाही.

गावातल्या बायका सुरुवातीला यायच्या. कुणी भाजलेले मासे आणायची, कुणी मला उचलून केर काढायला लागायची. पण आपल्या अंगाभोवती परक्या बाईने खराटा फिरवावा, आपल्याला उचलून बाजूला सरकवावे, हे रुपेनीला सहन होत नसे. एकदा एकीला तो फाडकन म्हणाला, "मी अजून मेलो नाही. मेल्यावर या झाडायला." त्या भल्या बायका. जेवण द्यायचे त्यांनी बंद केले नाही, पण दारातच ठेवून जाऊ लागल्या.

वासितीचा भाऊ वाइसाके तेवढा कसल्याही बोलण्याला भीक घालत नसे. मेहुण्या-मेहुण्यांत थट्टा चालायचीच. तो यायचा, दारात फतकल मारून बसायचा आणि म्हणायचा, "दाजी, तुझ्या घरात उंदरांनी सोयरीक जमवलीय वाटतं. आढ्यावर वऱ्हाड उतरलंय."

"उतरू दे," रुपेनी म्हणायचा. "तुला आचारी म्हणून ठेवू."

दोघे हसायचे. पण उंदीर खरेच होते. चटया उचलल्या जात नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याखाली ओल धरली होती आणि कुबट वास सुटला होता. माझ्या हिरांमध्ये झुरळांनी अंडी घातली. कोळ्याने मला भिंतीशी जाळ्याने बांधून टाकले. मित्रांनो, जी जाळी मी आयुष्यभर काढली, त्यांतलेच एक माझ्या अंगावर चढत होते आणि मी हलूही शकत नव्हतो.

दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून मला एकच गोष्ट दिसायची. ती निळी होडी. पावसाने ती भरत चालली होती. नीरफणसाची पाने त्यात पडून कुजली, एकदोन फळे पडून फुटली. पाणी काळे झाले. मग एका संध्याकाळी मी त्या पाण्यावरून डासांचा लोट उठताना पाहिला. तो थेट घराच्या दाराकडे आला. त्यानंतर रोज येत राहिला.

रुपेनीलाही पडल्यापडल्या तीच होडी दिसायची. पण त्याला पाणी दिसत नव्हते. त्याला फक्त होडी दिसत होती.

तोकासा आता शाळेत जाऊ लागली होती. एकदा दुपारी घरी आल्यावर तिने मला जाळ्यातून सोडवले आणि आईसारखे वाकून झाडायला सुरुवात केली. माझ्या अंगात जणू जीव आला. पण इतक्या दिवसांची धूळ एकदम उठली आणि रुपेनीला खोकल्याची ढास लागली.

"नको गं बाई, ठेव तो," तो म्हणाला. "तुझी आई बघेल रविवारी."

तिने मला परत दारामागे उभे केले. रविवारी वासिती चर्चमधून आली ती अंगात कणकण घेऊन, आणि तशीच झोपली.

गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई आल्या तेव्हा वासितीला सुट्टी होती. त्यांनी रुपेनीची पाठ तपासली, घराखाली वाकून पाहिले, गंजलेले डबे उपडे केले. मग होडीपाशी गेल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "ही होडी आज पालथी करून घ्या. हवं तर मी चार माणसं बोलावते."

"होडीला कुणी हात लावायचा नाही," रुपेनी म्हणाला.

"अहो, आत अळ्या वळवळतायत. खालच्या गावात डेंग्यू आलाय."

"माझी होडी आहे. मी उठलो की माझी मी बघेन."

तो उठणार नाही हे नर्सबाईंना ठाऊक होते, वासितीला ठाऊक होते, आणि त्यालाही ठाऊक होते. होडी पालथी करणे म्हणजे ते त्याच्या तोंडावर सांगणे झाले असते. वासिती मान खाली घालून चटईचा दोरा उसवत राहिली. मच्छरदाणी लावून झोपा, एवढे सांगून नर्सबाई पुढच्या घरी गेल्या. मच्छरदाणी होती, पण तिला उंदरांनी भोके पाडली होती.

मला तेव्हा ओरडावेसे वाटले. पण खराट्याला आवाज कुठला? मला कुणी हातात घेतले तरच मी काही असतो. नाहीतर मी नुसत्या काड्या.

काही दिवसांनी तोकासा शाळेतून आली ती डोळे दुखतात म्हणत. अंग तापले होते. वासितीने तिला लिंबाच्या पानांचा चहा पाजला, कपाळावर ओला कपडा ठेवला. ताप चढत-उतरत राहिला. मग एका सकाळी तो उतरला आणि सगळ्यांना हायसे वाटले. वासितीने आधीच खाडे केले होते. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला, रुपेनीला लक्ष ठेवायला सांगितले आणि ती कामावर गेली.

दुपारी तोकासाने चटईवर ओकारी केली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. दंडांवर लाल ठिपके उमटले होते आणि हातपाय गार पडले होते. "बाबा, पोट दुखतं," एवढे म्हणून ती गप्प झाली.

रुपेनीने हाका मारल्या. सगळे गाव मळ्यात आणि खाडीवर गेलेले, आणि वारा समुद्राकडून असा भणाणत होता की त्याचा आवाज दाराबाहेरही पोचत नव्हता. त्याने तिला उचलायचा प्रयत्न केला, पण नुसत्या हातांनी बसल्या जागेवरून पोर उचलून नेणार कुठे? मग तो कोपरांवर सरपटत दाराकडे आला. येताना त्याच्या हाताला मी लागलो.

त्याने मला उलटे धरले. माझा काथ्याने बांधलेला बुंधा तो पत्र्याच्या भिंतीवर आपटू लागला. धाड, धाड, धाड. माझे हीर त्याच्या मुठीत मोडत होते, गाठ सैल होत होती, आणि मी मनात म्हणत होतो, आपट बाबा, आणखी जोरात आपट. मी मोडलो तर मोडू दे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या वाइसाकेने तो आवाज ऐकला. तो धावत आला, आत एक नजर टाकली आणि पोरीला खांद्यावर घेतले.

"मलाही ने," रुपेनी म्हणाला.

"दाजी, नाव हलकी पाहिजे," वाइसाके म्हणाला. "ताईला वाटेत घेतो. लंबासा शहरातल्या दवाखान्यात नेतो."

यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो लांब गेला, मग वाऱ्यात विरला. घरात दोघेच राहिलो. चालता न येणारा तो आणि चालता न येणारा मी.

कितीतरी वेळ तो तसाच पडून होता. मग त्याने माझ्याकडे पाहिले. माझी सैल झालेली दोरी त्याने दातांनी ओढून घट्ट केली आणि पोटावर पडल्या पडल्या झाडायला लागला. हातभर झाडायचे, कोपरांवर पुढे सरकायचे, पुन्हा हातभर. धूळ त्याच्या नाकातोंडात जात होती. उंदरांच्या लेंड्या, झुरळांची अंडी, कुजलेले गवत, सगळे दाराकडे ढकलत तो रडत होता. बायका मळ्यातून परतल्या, बातमी कळून दारात आल्या. ज्या बाईला तो एकदा टाकून बोलला होता, ती पुढे झाली. रुपेनीने मान वर केली.

"ताई, चटया तेवढ्या उन्हात टाक," तो म्हणाला. "केर मला काढू दे."

तिने चटया उचलल्या. कुणी पाणी आणले, कुणी मच्छरदाणी शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कंबरेला गुंडाळलेल्या सुलूत, म्हणजे लुंगीत, खोचले आणि बसून, हातांवर भार देत, एकेक पायरी उतरला. वाळूतून सरपटत तो होडीच्या मागच्या बाजूला गेला. मित्रांनो, होडीच्या मागे अगदी तळाशी एक बूच असते. आत आलेले पाणी काढून टाकायला ते असते. त्याने ते फिरवून काढले.

काळे, घाण पाणी धारेने बाहेर आले आणि त्याच्या पायांवरून वाहू लागले. पायांना ते कळले नाही. वाळूवर असंख्य अळ्या वळवळत होत्या. ते बूच काढायला पाय लागत नव्हते. पडलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढेच ते उंच होते. हे त्याला त्या क्षणी उमगले असावे, कारण बूच मुठीत धरून त्याने कपाळ होडीला टेकले आणि पाणी संपेपर्यंत तो तसाच राहिला. मग त्याने मला आत घालून, हात पोचेल तिथवर तळाचा चिखल ओढून काढला.

त्याच दुपारी वाइसाके आला. तो आला आणि त्याने थट्टा केली नाही. रुपेनीचा चेहरा पांढरा पडला.

"रक्त चढवलंय," वाइसाके पायरीवर बसत म्हणाला. "मधेच डोळे उघडते, मधेच मिटते. वाट बघा म्हणतात." मग तो म्हणाला, "बाबा का नाही आला, विचारत होती. मी म्हटलं, तो घर सांभाळतोय."

रुपेनी म्हणाला, "ही होडी घेऊन जा. चालव, वीक, काय वाटेल ते कर. इथे नको."

वाइसाकेने रिकाम्या होडीकडे पाहिले, ओल्या वाळूकडे पाहिले. मग माणसे बोलावून होडी घेऊन गेला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. रुपेनी रोज सकाळी झाडायचा. जिथे केर नव्हता तिथेही झाडायचा. दुसरे काही त्याच्या हातात नव्हते. आणि मी, घर स्वच्छ करणारा म्हणून एवढा मिरवणारा मी, लंबासाच्या दवाखान्यातल्या त्या पोरीचे दुखणे तसूभरही कमी करू शकत नव्हतो. आता कितीही झाडले तरी ते मागच्या महिन्याचे झाडणे होत नव्हते. चावून गेलेला डास चावून गेलेला होता.

मग एका सकाळी पाण्यावरूनच वाइसाकेची हाळी आली. "दाजी, तुझी छोटी सासू आणलीय. केर काढलायस ना, नाहीतर बोलेल."

रुपेनीच्या हातातून मी गळून पडलो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

तोकासा मामाच्या कडेवर होती. एवढीशी झाली होती, मनगटे काडीसारखी. तिला चटईवर ठेवले तेव्हा तिने चटईला नाक लावले आणि म्हणाली, "उन्हाचा वास येतोय."

वासिती उंबऱ्याशी उभी होती. तिने जमीन पाहिली, छताचे कोपरे पाहिले. मग वळून, जिथे होडी असायची त्या मोकळ्या जागेकडे पाहिले. ती नवऱ्याजवळ बसली, जमिनीवरून मला उचलले आणि माझे मोडके हीर बोटांनी चाचपले.

"हा संपला रे," ती म्हणाली. "नवा करायला हवा."

"झावळी आणून दे," रुपेनी म्हणाला. "मी तासतो."

आता त्या घरात नवा खराटा आहे. रुपेनीने बनवलेला, त्याच्या बसून झाडण्याला सोयीचा, बांबूच्या लांब दांड्याचा. वासिती अजून पलीकडच्या बेटावर जाते. घर रुपेनी झाडतो. वाइसाके त्याला नवी नवरी म्हणतो, आणि रुपेनी त्याला दांडा दाखवतो.

मी घराखाली खांबाशी टाकलेला आहे. त्याचे मला दुःख नाही. माझे काम झाले. पण मित्रांनो, एक गोष्ट माझा जीव खाते आहे. परवा इथे पाऊस झाला. माझ्यापासून वीतभर अंतरावर नारळाची एक करवंटी उताणी पडली आहे. कुणी खोबरे खाऊन टाकली असेल. तिच्यात ओंजळभर पाणी साचले आहे. काल ते स्वच्छ होते. आज त्यात काहीतरी बारीक हलते आहे. वर फळ्यांवरून तोकासाच्या पावलांचा आवाज येतो. रुपेनी उद्या घराखाली खराटा फिरवील, किंवा परवा फिरवील, किंवा त्याचे हात दुखत असतील आणि राहून जाईल. मला हात नाहीत, आवाज नाही.

तुम्हाला दोन्ही आहेत. एवढे वाचून झाले की उठा, आपल्या घराभोवती एक फेरी मारा, आणि जिथे कुठे पाणी साचले असेल ते माझ्यासाठी ओतून टाका.